ऊब कोणाची, खिडकी कोणाची?

डिसेंबर लागला की आपल्याकडच्या पुरवण्यांतून आणि ललित सदरांतून एक ठरावीक लेख उगवतो. बाहेर गारठा असतो, आत पिवळसर दिवा असतो. पायांवर आजीची गोधडी, हातात आल्याचा चहा, मांडीवर पालथे ठेवलेले पुस्तक. लेखक सांगतो की माणसाला फार काही लागत नाही. वस्तू कमी कराव्यात, नाताळच्या सुट्टीत कुठे जाऊ नये, घरीच थांबावे, एखादी मेणबत्ती लावावी, जवळच्या माणसांशी हळू आवाजात बोलावे. पूर्वी अशा लेखाला ‘साधी राहणी’ एवढे देशी बिरूद पुरत असे. अलीकडे त्याला ‘ह्यूगे’ हा डॅनिश शब्द मिळाला आहे आणि त्यासोबत थोडी युरोपीय प्रतिष्ठाही. लेखाची भाषाही त्या खोलीसारखीच असते: लहान वाक्ये, मऊ विशेषणे, कुठेही न टोचणारी. आपली समीक्षा तिला ‘साधी, घरगुती शैली’ म्हणून शाबासकी देते.

या लेखनाशी माझे वैर नाही, असे म्हणून सुरुवात करण्याचा शिष्टाचार आहे. तो मला पाळता येत नाही. वैर आहे, आणि त्याचे निमित्त सांगितले पाहिजे.

मागच्या एका डिसेंबरात आमच्या स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी असा एक लेख मोठ्याने वाचून दाखवला. वाचन चांगले होते. लेखाच्या शेवटी हान्स ख्रिश्चन अँडरसनला साक्षीला बोलावले होते: ज्याच्या परीकथांनी जगाला उबदार डॅनिश घराची ओळख करून दिली तो अँडरसन, वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोपऱ्यात आमचा एक तरुण सहकारी बसला होता. तो तासिका तत्त्वावर शिकवतो. तो म्हणाला, “छान आहे, सर. पण मला सुट्टी परवडत नाही.”

ज्यांना महाविद्यालयांचा हा व्यवहार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. महाविद्यालय बंद म्हणजे तास नाही, तास नाही म्हणजे मानधन नाही. दिवाळी आणि नाताळ हे त्याच्या वर्षातले रिकामे रकाने असतात. मी स्वतः नऊ वर्षे असा शिकवत होतो. त्या वर्षांतल्या डिसेंबरांत घरी बसलो होतो, गोधडीही होती, चहाही होता. त्याला ऊब म्हणावे असे मला एकदाही सुचले नाही. तरीही त्या दिवशी त्या मुलाच्या वाक्यावर मी इतरांसारखाच हसलो, आणि ते हसणे मला पुढे बरेच दिवस पुरले.

घरी येऊन अँडरसन पुन्हा काढला. सुट्टीच्या दिवसांतल्या त्याच्या तीन कथा ओळीने वाचल्या, आणि लक्षात आले की लेखकाने साक्षीदार चुकीचा निवडला आहे. हा साक्षीदार उलटतपासणीत खटला फिरवणारा आहे.

पहिली कथा ‘फरचे झाड’. १८४४ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर ती प्रसिद्ध झाली. जंगलातल्या एका लहान झाडाला मोठे होण्याची घाई आहे. चिमण्या त्याला येऊन सांगतात की शहरात आम्ही खिडकीच्या काचेतून पाहिले, तुझ्यासारखी झाडे गरम खोलीच्या मधोमध उभी करतात आणि त्यांना नटवतात. मग ते झाड तोडले जाते, वाळूच्या पिंपात रोवले जाते, नोकर आणि घरातल्या मुली मिळून त्याला सजवतात. मेणबत्त्या लागतात. मुले तुटून पडतात, फांद्या मोडतात, खाऊ ओरबाडतात. एक जाड माणूस गोष्ट सांगतो. झाडाला वाटते, उद्या पुन्हा हेच. उद्या त्याला माळ्यावर फेकतात. काही काळाने अंगणात त्याचे तुकडे होतात आणि ते एका मोठ्या हंड्याखालच्या जाळात जाते. संपूर्ण कथेत त्या घरातला सुखाचा क्षण एका संध्याकाळीपुरता आहे, आणि तो ज्याच्या अंगावर पेटवलेला आहे त्याच्या तोंडून आपण तो ऐकतो.

दुसरी आपल्या सर्वांच्या परिचयाची, काड्या विकणाऱ्या मुलीची. हिचा जन्म कसा झाला हे जाणण्यासारखे आहे. १८४५ च्या नोव्हेंबरात अँडरसन ग्रॉस्टेन येथे एका ड्यूकच्या वाड्यात पाहुणा होता. एका पंचांगवजा वार्षिकाच्या संपादकाने त्याला तीन चित्रे पाठवली आणि त्यांपैकी एकावर गोष्ट लिहून मागितली. त्याने लुंडबी या चित्रकाराने काढलेले काड्या विकणारे मूल निवडले. म्हणजे ही कथा लिहिताना लेखक आत होता, शेकत होता. त्याने लिहिले मात्र बाहेरच्या कोपऱ्याबद्दल, दोन घरांच्या मधल्या कोपऱ्याबद्दल, जिथे ती मुलगी वर्षाच्या शेवटच्या रात्री पाय दुमडून बसली आहे. अँडरसनची आई लहान असताना तिला भीक मागायला पाठवत. ते न जमल्याने ती ओडेन्समधल्या एका पुलाखाली बसून रडत असे, ही आठवण त्यानेच सांगून ठेवली आहे. पुढे हीच बाई लोकांचे कपडे नदीवर धूत असे.

या कथेतल्या काड्यांचा क्रम पाहा. पहिल्या काडीत पितळी मुठींची लोखंडी शेगडी दिसते. दुसरीत भिंत पडद्यासारखी पारदर्शक होते आणि पांढऱ्या चादरीचे टेबल, त्यावर सफरचंदे आणि सुके आलुबुखार भरून भाजलेला हंस. तिसरीत नाताळचे झाड. मागच्या नाताळला तिने एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घराच्या काचेच्या दारातून जे पाहिले होते त्याहून मोठे. आपल्या डिसेंबरच्या लेखातली सगळी सामग्री इथे यादीवार हजर आहे: शेकोटी, जेवण, दिवे. फरक इतकाच की प्रत्येक गोष्टीची मुदत एका काडीची आहे. आणि चौथ्या काडीत जी येते ती वस्तू नाही, ती आजी आहे, आणि आजी मेलेली आहे.

आणखी एक तपशील, ज्यावरून आपण नेहमी घाईने पुढे जातो. ती मुलगी घरी का जात नाही? घर आहे. वडील आहेत. एकही काडी विकली गेली नाही म्हणून ते मारतील. शिवाय घरीही थंडीच आहे; छपराच्या मोठ्या फटी गवत आणि चिंध्यांनी बुजवल्या आहेत तरी वारा आत येतो. ‘सुट्टीत घरी थांबा’ हा उपदेश या मुलीला देऊन पाहावा.

तिसरी कथा ‘हिममानव’, १८६१ ची. अंगणात बर्फाचा माणूस उभा आहे आणि शेजारी साखळीला बांधलेला कुत्रा. कुत्रा आपली कर्मकहाणी सांगतो. पिल्लू असताना तो वरच्या मजल्यावर मखमली खुर्चीत लोळत असे, मालक त्याच्या नाकाचे मुके घेत. मोठा झाल्यावर त्याला खाली हाउसकीपरच्या खोलीत दिले. तिथे शेगडी होती, तिच्याखाली तो झोपे. मग त्याने घरातल्या धाकट्या मुलाला पाय चावला, कारण मुलाने त्याचे हाड लाथेने उडवले होते, आणि कुत्रा थंडीत साखळीला आला. बर्फाचा माणूस तळघराच्या खिडकीतून ती शेगडी पाहतो आणि तिच्या प्रेमात पडतो. दिवस उबदार होतात, तो वितळतो, आणि त्याच्या आत शेगडी साफ करण्याची लोखंडी सळई निघते. मुलांनी तो तिच्याभोवती उभा केला होता. कुत्रा म्हणतो, म्हणूनच याला शेगडीची ओढ होती. अँडरसनला हसायचे कसे हे ठाऊक होते.

झाड, मुलगी, बर्फाचा माणूस. तीन कथा, सोळा-सतरा वर्षांचे अंतर, आणि तिन्हींत उबदार खोली काचेच्या पलीकडे आहे. हा योगायोग मानायला मी तयार नाही. अँडरसन आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत, हॉटेलांत आणि सरदारांच्या वाड्यांत पाहुणा म्हणून राहिला. बास्नेससारख्या वाड्यांत त्याने कित्येक नाताळ काढले. स्वतःचे सामानसुमान, त्यात स्वतःची पलंगगादी, त्याने विकत घेतली ती १८६६ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि तीही कुरकुरत; त्या सामानाची त्याला भीतीच वाटे. दुसऱ्यांच्या शेगडीपाशी बसायला ज्याला बोलावतात आणि ज्याला तिथून उठण्याची वेळही दुसरेच ठरवतात, त्याला खोलीची किंमत मालकापेक्षा अचूक कळते.

बरे, ज्या घराला आपण ‘परंपरा’ म्हणतो ते तरी किती जुने होते? नाताळचे झाड डेन्मार्कमध्ये आले ते १८०८ च्या सुमारास, एका सरदार घराण्यात. कोपनहेगनमध्ये १८११ ला. अँडरसन १८०५ चा. म्हणजे ही परंपरा त्याच्याहूनही वयाने लहान. १८०७ मध्ये इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या, १८१३ मध्ये सरकारचे दिवाळे निघाले, १८१४ मध्ये नॉर्वे हातचा गेला. आकसलेल्या देशातल्या मध्यमवर्गाने दार लावून घेतले आणि खोली नीटनेटकी केली, असे मानायला बरीच जागा आहे. त्या साधेपणात शहाणपण होते, पण त्यात पराभवही होता, आणि दाराबाहेरच्यांना तो परवडत नव्हता. त्या खोलीत शेगडी पेटवणारी माणसे कोणत्या कायद्याखाली राहत होती हेही पाहावे. घरनोकरांसाठीचा १८५४ चा डॅनिश कायदा अल्पवयीन नोकराला मारण्याचा मालकाचा हक्क मान्य करत होता, आणि तो कायदा १९२१ पर्यंत टिकला.

आता शैलीबद्दल, कारण माझा व्यवसाय तो आहे आणि माझा मुख्य राग तिथे आहे.

अँडरसनची शैली साधी आहे यात वाद नाही. पण १८३५ मध्ये ‘मुलांना सांगितलेल्या’ परीकथांची पहिली पुस्तिका निघाली तेव्हा त्या साधेपणाला कोणी गोड म्हटले नाही. बोलल्यासारखी भाषा छापणे हे त्या काळच्या परीक्षकांना अनागर वाटले, शिवाय त्यातून मुलांना बोध काय मिळणार हा प्रश्न होताच. वाक्य मध्येच तुटते, उद्गार येतो, निवेदक थेट कोणाशी तरी बोलू लागतो. ती साधी भाषा ऐकणाऱ्याला लपायला जागा देत नव्हती. मोठ्या, गोलाईदार वाक्यात मेलेली मुलगी हळूच झाकता येते. सकाळी कोपऱ्यात ती गारठून मेली होती, गाल लाल होते, जळक्या काड्यांचा जुडगा हातात होता, लोक म्हणाले हिला शेकायचे होते: इतक्या साध्या विधानांत काहीही झाकता येत नाही.

आपण मात्र साधेपणा हा शब्द नेमका झाकण्यासाठी वापरतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’बद्दल वर्गावर्गांतून काय शिकवले जाते ते आठवा. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात नवऱ्याचे वारंवार निघून जाणे आहे, १८९५ चे त्याचे धर्मांतर आणि त्यानंतरची वर्षानुवर्षांची ताटातूट आहे, पैशाची चणचण आहे. प्रश्नपत्रिकेत उरते काय? ‘लक्ष्मीबाईंच्या साध्या, घरगुती शैलीचे विशेष लिहा.’ मी स्वतः हा प्रश्न काढला आहे. उत्तरात विद्यार्थी ‘निरागस’, ‘प्रांजळ’, ‘खेळकर’ असे तीन शब्द लिहितो, आपण दहापैकी सात देतो. घरगुती शैली म्हटले की घरात काय चालले होते ते विचारावे लागत नाही. काड्यावाल्या मुलीचेही असेच होते. तिला शेवटी कोणी दयाळू कुटुंब घरात घेते असा गोड शेवट केलेल्या आवृत्त्या निघालेल्या आहेत. त्या काढणाऱ्यांना माणुसकी नाही असे मी म्हणणार नाही. पण त्यांनी कोपऱ्याचा प्रश्न सोडवण्याऐवजी कोपराच पुसला.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे एकोणिसाव्या शतकाचे झाले. आजचा डेन्मार्क सुखी देश आहे आणि ह्यूगे हे त्या सुखाचे गमक आहे. ठीक आहे, तेही पाहू. ह्यूगेची जागतिक लाट आली ती २०१६ मध्ये. त्या वर्षी इंग्रजीत या विषयावरच्या पुस्तकांची रांग लागली, माइक व्हिकिंग यांचे छोटेखानी पुस्तक त्यांतले सर्वांत गाजलेले. कॉलिन्स कोशाने वर्षाच्या शब्दांच्या यादीत तो घेतला. त्या यादीत पहिला शब्द होता ‘ब्रेक्झिट’. दार लावून घेण्याचे दोन शब्द एकाच यादीत यावेत हे कोशकारांनी मुद्दाम केले नसेल. पण त्याच्या पाच वर्षे आधी, २०११ मध्ये, येप्पे लिनेट या डॅनिश मानववंशशास्त्रज्ञाने या कल्पनेवर एक निबंध लिहिला होता. पैशाने ह्यूगे विकत घेता येत नाही, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक. त्याचे म्हणणे असे की हा साधेपणा मध्यमवर्गाचा आहे. जो वर्ग तसे राहत नाही त्याला नावे ठेवण्याचे कामही तो करतो, आणि आतल्यांची जवळीक बाहेरच्यांना वगळूनच घडते. हा निबंध आपल्या एकाही डिसेंबरी लेखात मला आढळला नाही. मेणबत्तीचा उल्लेख मात्र प्रत्येकात आढळला.

मेणबत्तीआधी डेन्मार्कने काय मिळवले? १९३८ च्या कायद्याने तिथल्या कामगाराला दोन आठवडे पगारी रजा मिळाली. ती वाढत आज पाच आठवडे झाली आहे. नाताळच्या आदल्या दुपारी दुकाने बंद व्हावीत याचाही तिथे कायदा आहे. दुकानातली मुलगी त्यामुळे स्वतःच्या घरी जेवायला पोचते. संघटनांनी झगडून मिळवलेल्या या गोष्टी. आणि डॅनिश माणसाला हे पक्के माहीत आहे. सरकारने संरक्षणखर्चासाठी वसंतातली एक जुनी सार्वजनिक सुट्टी, ‘मोठ्या प्रार्थनेचा दिवस’, रद्द करायचे ठरवले तेव्हा २०२३ च्या फेब्रुवारीत हजारो लोक भर थंडीत कोपनहेगनच्या संसदेसमोर उभे राहिले. सुट्टी तरीही गेली, २०२४ पासून. ते लोक एका शुक्रवारसाठी भांडत होते. आपण त्यांच्याकडून मेणबत्ती उचलली आणि शुक्रवार तिथेच ठेवला.

म्हणून माझा आक्षेप गोधडीला नाही. गरिबाच्या घरात ऊब नसते असले पोरकट विधानही मला करायचे नाही. काड्यावालीची आजी गरीबच होती. आक्षेप आहे तो ऊब ही अभिरुचीची बाब आहे असे सांगण्याला. लेखक म्हणतो, थांबा, घरी बसा, कमीत भागवा. हे तो कोणाला सांगतो? ज्याला थांबता येते त्याला. ज्याचे कमीतच भागते आहे त्याला हा उपदेश ऐकून नेमके काय करायचे? आणि घरी बसलेल्या त्या माणसाच्या हातात आल्याचा चहा कुठून येतो? शेकडो लेखांत तो चहा कर्मणी प्रयोगात आहे. ‘हातात कप दिला जातो’, ‘पोहे समोर ठेवले जातात’. मराठी व्याकरणाने या प्रयोगाची एवढी सोय करून ठेवली नसती तर आपल्या ललित गद्यातल्या बऱ्याच बायका आपोआप प्रकट झाल्या असत्या.

सुट्टीत मजा करूच नये की काय, असा प्रश्न आमच्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारला. जरूर करावी. मीही करतो, आता मी पगारी आहे. लिहिताना मात्र खिडकी कुठे आहे ते सांगावे, आणि अँडरसनला तरी या कामाला जुंपू नये.

यंदा बालसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत मी काड्यावालीऐवजी ‘हिममानव’ वाचायला घेतला. काड्यावालीच्या वेळी वर्ग ठरल्याप्रमाणे हळहळतो आणि मग वह्या मिटतो. या कथेला मुले हसली, सळईपाशी तर मोठ्याने. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, खोली हाउसकीपरची आहे ना? मग ती बाई कुठे आहे?”

मी म्हणालो, खोलीतच असेल.

“सणाच्या दिवसांत? ती वर काम करत असेल, सर. शेगडी एकटीच पेटलेली असणार.”

मी पुस्तक पुन्हा उघडून पाहिले. शेगडीचे पाय आहेत, दार उघडताच बाहेर झेपावणारी ज्वाळा आहे, तिचा लाल उजेड बर्फाच्या माणसाच्या तोंडावर पडतो तेही आहे. बाई कशी दिसत होती याबद्दल काही सापडले नाही. एवढ्यात घंटा झाली. पुढचा तास आमच्या त्या तरुण सहकाऱ्याचा होता आणि तो हजेरीपट घेऊन दाराशी उभा होता. त्याची मिनिटे मोजली जातात, म्हणून मी चर्चा तिथेच थांबवली आणि वर्ग त्याच्या ताब्यात दिला.